सहकार्य नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

चिमे,

सव्वीस वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात मोजून तीन वाक्यं. 'लेकीचं नाव तुमच्या दवाखान्यात घातलंय. जावयाची बदली तिथं झाली, दुसरा इलाज नव्हता. तिच्या वेळी तू खोलीत असायचं नाहीस.' वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. वीजबिलातसुद्धा मला 'माननीय ग्राहक' म्हणतात.

मी त्याच प्रसूतिकक्षाची इन्चार्ज सिस्टर आहे हे तुला चांगलं ठाऊक आहे. स्वयंपाकिणीला सांगावं की आमचं जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस, त्यातला हा प्रकार. पण ठीक आहे. नसेन मी आत. शब्द दिला. आता नाकाला झोंबलेल्या मिरच्या उतरल्या असतील तर पुढचं वाच.

आमच्या अधीक्षकांना एक नवं खूळ लागलंय. दर मंगळवारी दुपारी गरोदर बायकांना श्वास घ्यायला शिकवायचं. बाळंतपण हळुवार व्हावं, जोर कमी लावावा लागावा म्हणून. आणि प्रसूतिकक्षातल्या सगळ्या सिस्टरांनीही आठ मंगळवार तिथं हजर राहायचं, सहीसकट. तीस वर्षं मी बाळंतपणं केली आणि आता श्वास शिकायचा! उद्या गिळायचं कसं तेही शिकवतील.

वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या भांडारात भरतो. तिथं अजून जंतुनाशकाचा वास आहे. त्यावर बाई कसलंसं सुगंधी तेल शिंपडते. दोन्ही मिळून मला मळमळतं. बाई पायांत लोकरी मोजे घालून येते आणि आजारी माणसाशी बोलावं तशी सगळ्यांशी बोलते. "श्वास तुमचा मित्र आहे," म्हणे. मी हातभर लांब सुस्कारा सोडला तर मला म्हणते, "छान, सिस्टर, अगदी असाच." आम्ही तिचं नाव फुंकरबाई ठेवलंय. सगळ्या बायका चटयांवर बसून ओठ सैल सोडतात आणि घोड्यासारखं फुर्र करतात. इतका ओशाळवाणा प्रकार मी जन्मात पाहिला नाही.

तिसऱ्या चटईवर तुझी लेक होती. मला कुणी सांगावं लागलं नाही. तुझं नाक जसंच्या तसं घेऊन बसली होती आणि विचार करताना अंगठ्याचं नख चावत होती. सही करून निघून आले.

ताई


१२ फेब्रुवारी, बुधवार

चिमे,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं, तरी लिहिते आहे.

काल फुंकरबाईनं हद्द केली. सगळा वर्ग, चटयांसकट, आमच्या रिकाम्या प्रसूतिकक्षात आणला. म्हणाली, "आज बाळंत होणाऱ्या बाईच्या जागी सिस्टर." आणि बोट माझ्याकडे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण सगळ्या चटया माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा चढले टेबलावर. मी, चौपन्न वर्षांची, उताणी, पाय दोन्ही आधारांवर वर टांगलेले. अंगावर कपडे होते, तरी काही नेसलेलं नसल्यासारखं वाटलं. वरचा दिवा थेट डोळ्यांत. त्या दिव्याच्या कडेला मेलेल्या माशा साचल्यात, हे मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं. उभ्या माणसाला ते दिसतच नाही.

मग तिनं आमच्या एका तरुण सिस्टरला सांगितलं, "रोज जशी बोलतेस तशी बोल." ती पोरगी लाजली, पण सुरू झाली. "तोंड बंद! श्वास कोंड! हनुवटी छातीला! जोर लाव, आणखी, आणखी, आणखी, सोडू नकोस!" शब्द न् शब्द माझा. आवाजाची पट्टीसुद्धा माझी. तिला मीच शिकवलंय. माझे डोळे तारवटले, कानात दडे बसले, आणि खरं सांगते, तिच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली.

मग फुंकरबाई स्वतः आली. "जबडा सैल. कळ येईल तेव्हा आत घ्या, आणि बाहेर सोडताना गरम दुधावर घालतो तशी फुंकर. लांब. शरीर आपण होऊन ढकलेल तेवढंच ढकलू द्या, त्याच्यावर तुमची जबरदस्ती नको." मी फुंकलं. पोटाचे स्नायू आपोआप खाली गेले, कुणी न सांगता. मला त्याचाही राग आला.

ती बायकांना म्हणाली, "तोंड मिटलं की खालचंही मिटतं. भीती वाटली की मिटतं, आणि लाज वाटली की सगळ्यांत घट्ट मिटतं." हे ऐकून मला काय आठवलं ते मी इथं लिहिणार नाही.

जिन्यात तुझ्या लेकीनं मला गाठलं. "मावशी ना तुम्ही? आई म्हणते, माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही होतात. कशी झाले मी?"

"निळी झालीस," मी म्हटलं. "मग रडलीस आणि लाल झालीस."

"आणि आई?"

"तुझ्या आईला विचार."

"ती सांगत नाही. मला दुसरं भावंड का नाही, तेही सांगत नाही."

मी म्हटलं, माझी ड्यूटी आहे. नव्हती.

ताई


५ मार्च, बुधवार

चिमे,

आज मला माझी शिसारी आली आहे. सांगते तसं वाच, मध्येच फाडू नकोस.

काल सकाळी एक शिंपीण आली. पहिलंच बाळंतपण. मंगळवारच्या वर्गाला नेमानं यायची, बोटाला शिवणाचं अंगुस्तान तसंच विसरून. फुंकरबाई तिच्यापाशी होती आणि मला ताकीद होती की बोलायचं नाही. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. आमच्या खोलीत घड्याळ टेबलासमोर लावलेलं आहे, म्हणजे बाईपेक्षा आपलं लक्ष त्याच्याकडे जास्त. माझ्या जिभेवर 'जोर लाव' आलं, गिळलं, पुन्हा आलं. गालाचं आतलं मांस चावलं मी.

शिंपीण कुशीवर वळून, उशी कवटाळून पडली होती. कळ आली की फुंकायची, गेली की झोपल्यासारखी पडायची. मध्येच गाईसारखी हंबरली, मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून. कुणी तिला गप्प केलं नाही. डोकं दिसायला लागलं तेव्हा फुंकरबाई म्हणाली, "आता नुसतं फुंका, ढकलू नका," आणि डोकं दोन कळांच्या मधल्या शांततेत, अगदी हळू, बाहेर आलं. एक टाका पडला नाही. शिंपिणीनं विचारलं, "झालं?"

झालं. एवढंच होतं. कुणाच्या अंगावर ओरडायला नको, मांड्यांवर चापट्या नकोत, पोटावर चढायला नको. मी हात धुवायला गेले आणि बेसिनमध्ये ओकले. आयाबाईला वाटलं, सकाळचं काही बाधलं. तीस वर्षांचं बाधलं होतं. सगळ्याच बाळंतपणांत असं सुरळीत होत नाही, हे फुंकरबाईही मान्य करते. अडलेलं मूल ओढावंच लागतं. पण किती अडली होती आणि किती आम्ही अडवली, याचा मी कधी विचारच केला नाही.

वर्ग संपल्यावर तळघरातल्या नोंदींच्या खोलीत गेले. पंचवीस वर्षांनी कागद रद्दीत जातात, पण आमच्या आळसाच्या कृपेनं तुझा राहिला होता. कारकुनानं धूळ झटकून दिला. माझंच अक्षर. तेव्हा चांगलं होतं. 'रुग्ण सहकार्य करत नाही. पोटावर दाब देऊन प्रसूती. स्त्री अर्भक. मागपर्यंत फाटले, टाके घातले.' खाली माझी सही, सुबक.

'सहकार्य नाही' म्हणजे काय ते तुला सांगते. जी ओरडते तिला सहकार्य नाही. जी पाय मिटते तिला सहकार्य नाही. जी दुसऱ्यांदा पाणी मागते तिलासुद्धा. हे इतक्यांदा लिहावं लागायचं की पुढे आम्ही त्याचा रबरी शिक्काच करून घेतला. तो अजून माझ्या खणात आहे. एकदा का तो बसला की पुढे जे होईल ते बाईच्या कर्मानं, आमचे हात स्वच्छ.

पोटावर दाब देऊन, असं लिहिलंय. कुणी दिला ते लिहिलेलं नाही. मी दिला. स्टुलावर चढून, कोपरानं, सगळं वजन टाकून. मोठ्या डॉक्टरांना दुसरीकडे जायचं होतं आणि ते दारातून म्हणाले, "आटपा." मी आटपलं.

आणि हेही सांगून टाकते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू दवाखान्यात आली होतीस. अकरा वर्षं झाली. सगळे बसले होते, तू दाराशी उभी. बसच म्हटलं तर बसली नाहीस. खांद्यावरच्या पिशवीत कपड्यांचा दुसरा जोड होता, आणि दर अर्ध्या तासानं तू कुणाला न सांगता बाहेर जात होतीस. मी नर्स आहे, चिमे. मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं होतं की तुझे टाके नीट जुळलेच नाहीत, तुला आवरता येत नाही, आणि म्हणूनच दुसरं मूल नाही, लग्नकार्यं नाहीत, माझ्याकडे येणं नाही. मी तोंडाला कुलूप लावून बसले. कारण विचारलं असतं तर मग कुणामुळे, हेही निघालं असतं.

त्या कागदाची नक्कल करून सोबत पाठवते आहे.

ताई


२२ मार्च, शनिवार

चिमे,

तुझं कार्ड मिळालं. 'कागदाचं आणि कोपराचं काय घेऊन बसलीस? त्याआधी तू काय म्हणालीस ते लिही.'

मी पुष्कळ काही म्हणते. दिवसभर माझं तोंड चालूच असतं. सव्वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या सलग पाळीला, चौदाव्या तासाला मी काय म्हणाले ते मला कसं आठवणार?

तुझी लेक छान फुंकते. मंगळवारच्या वर्गात तिनं पेल्यातल्या पाण्यात नळीनं इतके बुडबुडे काढले की सगळ्या हसल्या. नऊ महिने भरत आले. वजन, रक्त, सगळं व्यवस्थित आहे. मला ती 'अहो मावशी'वरून 'ए मावशी'वर आली आहे, तुझी परवानगी न घेता. मी दिलेला शब्द पाळणार आहे, हेही तिला सांगितलंय. ती म्हणाली, "आई कशावरून चिडलीय, तू तरी सांग." मी तिला चटया गोळा करायला लावलं.

आठवतं मला. खोटं लिहिलं वर. पण हात चालत नाही.

ताई


१० एप्रिल, गुरुवार

चिमे,

काल तू समोर होतीस तरी आपण धड चार वाक्यं बोललो नाही. म्हणून पुन्हा कागदच.

दुपारी दोनला तुझ्या लेकीला प्रसूतिकक्षात घेतलं, तेव्हापासून मी बाहेर, धुतलेल्या चादरींच्या कपाटापाशी उभी होते. तुला आत सोडायचं ठरलं ते मीच सांगून. बाईजवळ घरचं एक माणूस असावं, हा फुंकरबाईचा नवा नियम. तू माझ्यासमोरून आत गेलीस आणि भिंतीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलंस. गेलीस ते बरं वाटलं. तासभर आतून फुंकरींचे आवाज येत होते, लांब, एकसारखे. तरुण सिस्टर बरोबर होती. मग फुंकरबाईला शेजारच्या खोलीत बोलावणं आलं आणि ती गेली.

पोरीला शेवटच्या कळा सुरू झाल्या, ती हंबरली, आणि तू घाबरलीस. दोष देत नाही. पण मग मला दारातून ऐकू आलं, "तोंड बंद कर! श्वास कोंड! हनुवटी छातीला! आणखी, आणखी, आणखी, सोडू नकोस!" तुझा आवाज, माझे शब्द, माझीच पट्टी. इतकी वर्षं तू ते आत तसेच्या तसे सांभाळून ठेवले होतेस. मी तुला दुसरं काय दिलं म्हणा! फुंकरी बंद पडल्या. लेक रडायला लागली. तरुण सिस्टर 'अहो आजी, अहो आजी' करत राहिली, बावळट.

आणि मग आतून हाक आली, "मावशीऽ!"

मी शब्द मोडला. मोडला तर मोडला. आत आले तेव्हा तू मला हाकलशील असं वाटलं होतं. तू पांढरीफटक उभी होतीस, लेकीचा हात घट्ट आवळून. मी तिला काही सांगितलंच नाही. तुला सांगितलं, "चिमे, तू फुंक. गरम दुधावर फुंकतेस तशी. तिला राहू दे, तू फुंक." आधी तू रडलीस, मग फुंकलंस. वाकडंतिकडं, थुंकी उडवत. तुझ्या हाताला धरून पोरही फुंकायला लागली. तिघी फुर्र करत होतो त्या माशांच्या दिव्याखाली. कुणी बघितलं असतं तर वेड्यांत काढलं असतं.

मग जे होतं ते झालं. मूल खाली सरकलं की आतड्यात असेल ते बाहेर येतं. दहांपैकी आठ जणींचं येतं. डोकं योग्य रस्त्यानं चाललंय याची ती खूण आहे, एवढंच. पोरीला कळलं आणि ती दचकली. आणि तू, चिमे, तू तिच्याकडे बघत नव्हतीस. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

मी कोमट पाण्यात भिजवलेला कपडा घेतला, पुसलं, घडी घातली, दुसरा ठेवला. म्हटलं, "छान चाललंय, फुंकत राहा." माझ्या नाकावर एक सुरकुती आली नाही. तू बघितलंस ना? आली नाही.

आता लिहिते. त्या दिवशी, तुझ्या वेळी, मी "शी!" म्हणाले. "शी, घाण! एवढंही आवरत नाही?" असं म्हणाले. नाक मुरडलं, तोंड फिरवलं, आणि खोलीतल्या सगळ्या हसल्या, कारण मी त्यांना हसवायचीच. तू तेव्हा तेवीस वर्षांची होतीस आणि एक मिनिट आधी माझा हात धरून मला ताई म्हणत होतीस. तू हात सोडलास आणि सगळं अंग मिटून घेतलंस. मग कितीही ओरडले तरी तू जोर लावला नाहीस. कसा लावणार होतीस? पुन्हा तेच होईल या लाजेनं तू जीव मुठीत धरून आवळून बसलीस. मी लिहिलं, सहकार्य नाही. आणि स्टुलावर चढले.

कोपर नंतर. आधी तो शब्द. तू बरोबर तेच विचारत होतीस. आणि बघ, जे आवरत नाही म्हणून मी तुला हिणवलं, ते आवरण्याची ताकदच मी तुझ्यातून काढून घेतली. माझी मलाच इतकी किळस येते की आज सकाळी आरशासमोर वेणी घालवेना. क्षमा मागत नाही. ती मागितली की तुला ती द्यावी लागेल, आणि तुझ्यावर मी आजवर पुरेशी सक्ती केली आहे.

नातीचं वजन दोन किलो नऊशे. पोरीला फक्त एक बारीकसा ओरखडा, टाका नाही. ती संध्याकाळी खुर्चीत ताठ बसून बाळाला पाजत होती. बसली होती, चिमे. मी दोनदा बघून आले. तिच्या कागदावर मी लिहिलं, 'रुग्णाने सहकार्य केले.' मग 'रुग्णाने' खोडून 'आम्ही' लिहिलं. अधीक्षक विचारतील तर विचारू देत. रबरी शिक्का जळाऊ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला, वापरलेल्या बोळ्यांबरोबर. त्याची जागा तीच.

तुझ्या जुन्या कागदाखाली लाल शाईनं दोन ओळी घातल्या आहेत, आधी मी काय म्हणाले आणि दाब कुणी दिला, आणि आजची तारीख घालून सही केली आहे. नक्कल सोबत आहे. वाच किंवा वाचू नकोस.

शेवटचं, आणि यावर लगेच फणकारू नकोस. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक सर्जनबाई आहेत. टाके न जुळलेल्या बायकांना बुधवारी तपासतात. नाव न सांगता मी विचारलं. सव्वीस वर्षांनीही शस्त्रक्रिया होते का? म्हणाल्या, अगदी पहिल्यासारखं नाही होणार, पण बाई घराबाहेर पडेल, खुर्चीत बसेल, पिशवी घरी ठेवेल. म्हणाल्या, अशा पुष्कळ येतात, सगळ्या लाजेनं उशिरा येतात.

तू अजून दोन आठवडे लेकीकडे आहेस. येत्या बुधवारी सकाळी दहाला मी दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराबाहेर असेन. कपडे बदलायची खोली डाव्या हाताला आहे, आतून कडी लागते, मी पाहून ठेवली आहे. आलीस तर मी आत येणार नाही. बाहेर उभी राहीन.

हाक मारलीस तर येईन.

ताई